वकिलाला जळकं ऑइल

मी कुत्र्याला दवाखान्यात नेणाऱ्यातला माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बेंबळी गावात आमची जनावरं घरच्या इलाजावर जगली आणि मीही त्यातलाच. म्हणून आमच्या वकिलाला खरूज झाली तेव्हा मी जराही घाबरलो नाही. (वकील म्हणजे कुत्रा. दिवसभर वाद घालतो आणि जेवायच्या वेळी बरोबर हजर असतो, म्हणून आईनं ठेवलेलं नाव.)

आधी कानामागचे केस गेले, मग कोपरं उघडी पडली. बिचारा खाजवून खाजवून रक्त काढायचा. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, रोजचं टुमणं लावलं.

"आवो, दवाखाना काय लांब हाय का? घिऊन जावा की त्याला."

"खरजेला जळक्या ऑइलवानी औषध न्हाय. माझ्या आज्यानं सगळी कुत्री अशीच बरी केली."

"मंग त्यातलं एक तरी जगलेलं आठवतंय का कुणाला?" आईनं विचारलं.

तो प्रश्न मला ऐकू आला नाही.

घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं एकूण एक कापड धुतलं जातं. आई आणि सुनंदानं सकाळपासून अकरा गोधड्या बडवून अंगणाच्या कठड्यावर वाळत टाकल्या होत्या. नेमका तोच मुहूर्त धरून मी ट्रॅक्टरचं काढलेलं ऑइल डबड्यात घेतलं आणि गोठ्यात वकिलाला शेपटापर्यंत माखलं. त्या उन्हातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. का, ते पुढं येईलच.

वकील पाच मिनिटं शहाण्यासारखा उभा राहिला. मग त्यानं पट्ट्यातून मान काढली आणि थेट गोधड्यांत घुसला. अंग पुसायला इतकं मऊ त्याला जन्मात मिळालं नसणार. एकीवर पाठ घासली, दुसरीवर पोट. आई काठी घेऊन धावली तसा तो ओसरीच्या ताज्या चुन्याच्या भिंतीला घासत पळाला. भिंतीवर त्याच्या उंचीचा काळा पट्टा उठला.

"काय केलंस रं ह्ये?"

"औषध लागू पडायलंय," मी म्हणालो. "बघ की, अंगात किती ताकद आली."

पण तासाभरात वकील अंग चाटायला लागला. मग उलट्या झाल्या आणि तो गव्हाणीखाली जाऊन पडला. हाक मारली तर शेपूटही हलेना. वाद न घालणारा वकील मी पहिल्यांदाच बघत होतो. हा मरणार, आणि माझ्याच हातानं मरणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याला गोधडीत गुंडाळलं (आता सगळ्याच काळ्या होत्या), सुनंदाच्या मांडीवर दिला आणि मोटारसायकल दवाखान्यात नेली.

"काय लावलंत याला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"देशी औषध," मी म्हणालो.

"ट्रॅक्टरातलं," सुनंदा म्हणाली.

बाईंनी सलाईन लावलं, भांड्याच्या साबणानं त्याला तीनदा धुवायला लावलं आणि कातडी खरवडून काचेवर तपासली. "खरूज गोळ्यांनी जाईल. पण हे ऑइल चाटून पोटात जातं, कातडीतूनही भिनतं. अजून उशीर केला असता तर कुत्रा हाती लागला नसता."

मी मान खाली घातली. तेवढ्यात सलाईनखालून वकील माझ्याकडं बघून गुरगुरला, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे पुसावे लागले.

डोळे पुसले तिथंच चुकलं.

"तुमच्या मनगटाला काळं काय आहे?" बाईंनी विचारलं.

सुनंदानं माझी बाही वर सारली. कोपरापर्यंत लाल पुरळ, आणि त्यावर त्याच डबड्यातलं ऑइल. सकाळी पहिला हात मी स्वतःलाच मारला होता.

"ही खरूज कुत्र्याकडूनच आलेली दिसते," बाई म्हणाल्या. "माणसांच्या डॉक्टरला दाखवा. बरे होईपर्यंत वेगळे झोपा."

"बघू घरी काहीतरी," मी म्हणालो. घरी पोचल्यावर सुनंदानं माझी बाज गोठ्यात टाकली.

वकील वेळेवर गोळ्या खाऊन महिन्यात बरा झाला आणि ओसरीवर परतला. मी मात्र दिवाळी उलटून गेल्यावरही गोठ्यातच होतो, कारण मी स्वतःलाही दवाखान्यात नेणाऱ्यातला माणूस नाही.