शेजारच्या चॅनेलवरचा टँकर

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कारखान्यातून सत्यवतीअक्कांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही फिल्टर बाहेर पडत नसे. फिल्टर म्हणजे धातूचा डबा. त्यावरचे स्क्रू नेमके बसले की वायरलेस सेटवर आपल्याच चॅनेलचं बोलणं ऐकू येतं, शेजारच्या चॅनेलचं बाहेरच अडतं. डिप्लोमा झाल्यापासून अक्कांनी हेच काम केलं. त्यांचं घर जयनगरला; घरची भाषा मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या कानडीच्या संगतीत मुरलेली.

त्या सोमवारी सकाळीच रुग्णवाहिकेचा चालक यल्लाप्पा गाडीतला सेट काढून घेऊन आला. माणूस बेळगावकडचा.

"अक्का, काल कंट्रोलरूम पेशंटचा पत्ता सांगतेय आणि मध्येच कोण तरी ओरडतोय, 'टँकर कुठं उलथलाय?' मारतहळ्ळीत भलत्याच गल्लीत शिरलो मी. पेशंटला ऑक्सिजन देऊ की पाणी पाजू?"

हॉस्पिटलनं संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. दोष निघाला नाही, तर सगळे सेट परत येणार होते. अक्कांच्या मनाला मात्र ती चुकलेली गल्ली लागून राहिली.

त्यांनी डबा तपासला. स्क्रू जागेवरून हलले होते. स्क्रू जागेवर धरून ठेवणाऱ्या वरच्या नटाला बोट लावलं, तर तो सहज फिरला.

"पुष्कर, हे काय?"

जोडणीचं काम पाहणारा पुष्कर पुण्याहून नुकताच आला होता. "तुम्हीच सांगितलंत ना अक्का, नट स्वल्प घट्ट करा म्हणून? मी अगदी स्वल्पच केला."

अक्कांच्या लक्षात आलं. त्यांच्या घरात स्वल्प म्हणजे 'आणखी जरासा'. पुष्करच्या पुस्तकी मराठीत 'नावापुरता'. टेबलावरच्या तपासणीत तेवढं चालून गेलं. खड्ड्यांत गाडी आदळली आणि स्क्रू सरकले.

"आमच्याकडे स्वल्प म्हणजे स्वल्पविरामातलं," पुष्कर ओशाळून म्हणाला.

"विराम तू घेतलास, आणि टँकर माझ्या चॅनेलमध्ये घुसला! चूक माझीही आहे, मी नुसतं तोंडानं सांगितलं. आता सगळे डबे उघड. पाना धर, माझा हात तुझ्या हातावर राहील. किती जोर लावायचा ते हाताला कळू दे."

नट आवळताना स्क्रू केसभर फिरे, की मोजमाप बिघडे. मग नट सैल करून पुन्हा पहिल्यापासून. पुष्करनं दोनदा जेवणाची आठवण केली. "हा झाला की," एवढंच अक्का म्हणत आणि पुढचा डबा ओढत.

ऊन उतरल्यावर सेट गाडीत बसवून अक्का स्वतः यल्लाप्पाशेजारी जाऊन बसल्या.

"खड्डे चुकवू नकोस."

"असं सांगणारं पॅसेंजर पहिल्यांदाच भेटलं, अक्का!"

गाडी आदळत, आपटत निघाली. सेट गप्प होता. तेवढ्यात कंट्रोलरूमचा आवाज आला, स्वच्छ, एकटा: "दासरहळ्ळी, पाचवा क्रॉस रोड, मारुती देवळासमोर. म्हातारी बाई, श्वास अडकतोय."

यल्लाप्पानं सायरन लावला. "तुम्हाला इथं उतरवू?"

"चल तू," अक्का म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.