प्रतापगडाच्या पायथ्याचे रोडगे

गाड्या निघाल्या तेव्हा मी आईच्या मांडीवर झोपले होते. बैलांच्या घुंगरांनी जाग आली. पाहते तर आमच्या घरच्या सगळ्या गाड्या आमराईतून बाहेर पडून गावच्या वाटेला लागलेल्या. शेवटच्या गाडीवर बाबा होते. "तू पोरीले घेऊन बस, मी बैलाईले पाणी दाखवून येतो," असं सांगून ते उठले होते. आईने हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही, बैलांवर चाबूक ओढला.

बाबांच्या दुसऱ्या संसारातल्या माझ्या भावंडांनो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. आता बाबा गेले, म्हणून लिहिते आहे.

दर वैशाखात आपलं सगळं घराणं नागपूरकडच्या या प्रतापगडाच्या पायथ्याशी, तलावाकाठच्या आमराईत रोडगे करायला जायचं. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वर तुपाची धार. कणीक मळणं आईकडे असे. त्या वर्षी तिच्या मनगटांवर पांढरे डाग उठले होते. त्यापायी मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, मुलीची ठरत आलेली सोयरीक फिरली होती. आई परातीजवळ गेली तशी त्या मुलीची आई, आमची मोठी आई, म्हणाली, "तू हात नको लावू वो. तिकडं बस." आम्हाला पानं दुरून सरकवली गेली. बाबा पंगतीत बसले होते. खाली मान घालून जेवले.

गाड्या गेल्यावरही आई दिवस मावळेपर्यंत वाटेकडे बघत होती. तेंदूची पानं तोडून परतणारी एक गोंड म्हातारी थांबली. "कोनाची वाट पाहून राहिली बाई? गाड्या तं कवाच्या गेल्या." तिने आम्हाला आपल्या झोपडीत नेलं.

सकाळी आई मला घेऊन घरी गेली. दार आतून लावलेलं होतं. आतून बाबांचा आवाज आला, "पोरीले तरी घेऊ का?"

मोठे बाबा म्हणाले, "कायले? तिलेबी लागलं असन."

दार उघडलं नाही. आईने माझा हात धरला आणि आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो.

नागपुरात आईला गिरणीत सूत गुंडाळायचं काम मिळालं. भोंगा, पाळी, चाळीतली खोली, नळावरची रांग, हे आमचं नवं जग. गिरणीच्या डॉक्टरने तिचे हात उलटसुलट पाहून सांगितलं, "हे कोड आहे, महारोग नाही. कोणाला लागत नाही." आई खोलीवर येऊन हसायला लागली. इतकी हसली की शेजारीण घाबरून धावत आली.

लढाईच्या दिवसांत माझं लग्न ठरलं. एकदा बाबांना पाहावं म्हणून वैशाखात मी एकटीच त्या आमराईत गेले. चुली पेटल्या होत्या. तुमच्यातली धाकटी, दोन वेण्यांची, पानावर रोडगा घेऊन तलावाकडे निघाली होती. मी विचारलं, "हे कोणाला गं?"

"आमची पहिली आई अन् ताई या पाण्यात बुडल्या," ती म्हणाली. "दरसाल त्याईले देतो."

माझ्या वाट्याचं पान तिने माझ्यासमोर पाण्यात सोडलं.

बाबा वाढत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातातलं तूप मातीत सांडलं. तुमच्या आईने विचारलं, "कोन व्हय वो?"

बाबा म्हणाले, "कोनी वाटसरू असन. भुकेली दिसते, वाढ तिले."

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन्या गावची व्हय बाई?"

"नागपूरची," मी म्हणाले.

मी पंगतीला बसले. रोडगा मोडला, आणि तसाच पानावर ठेवला. उठले आणि थेट स्टेशन गाठलं.

आईने विचारलं, "ओळखलं का त्याईनं?"

"ओळखलं."

"मंग आता तिकडं नको जाऊ," ती एवढंच म्हणाली.

गेले नाही. माझ्या मुलांना कोणी गाव विचारलं की ती नागपूर सांगतात, आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. त्या आमराईत माझा हिस्सा नाही, मला तो नकोही आहे. पण पुढच्या वैशाखात तलावात पान सोडू नका. आई जिवंत आहे. मीही आहे.