बर्फाच्या नदीची ओटी

जिच्या चरणांशी पंचगंगा अखंड वाहते, आणि जिच्या माहेरी, हिमवंताच्या अंगणात, तेच पाणी पांढरी शाल पांघरून निजते, त्या जगदंबेला आधी नमन. ती वाहते तेव्हा जीवन, ती गोठते तेव्हा ध्यान. दोन्ही रूपे तिचीच. तिला वंदन करून आता तिच्या एका लेकीची कथा सांगावी. त्या लेकीचे नाव श्यामलाबाई अंबादास किणीकर.

श्यामलाबाई कोल्हापुरात मुलींच्या शाळेत खेळ आणि कवायत शिकवीत. रविवार उजाडला की मुलींची रांग पन्हाळ्याच्या वाटेला लावीत. नदीचे पाणी निवळले की पाठीला वाळका भोपळा बांधून मुलींना पोहायला उतरवीत. अशा या बाईंनी १९७४ साली शाळेच्या मंडळापुढे मागणी ठेवली, की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींना हिमालयात न्यायचे आणि कुलूच्या वरची एक बर्फाची खिंड ओलांडून आणायचे.

मंडळाचे अध्यक्ष गणपतराव विचारात पडले. "बाई, पन्हाळा चढणं निराळं आणि हिमालय निराळा. नेऊ म्हणता तर न्या. पण मुली अर्ध्या वाटेतून परतल्या, तर ही पहिली आणि हीच शेवटची सहल. पुन्हा विषय काढायचा नाही."

श्यामलाबाईंनी मान डोलावली. पण मनावर भार आला. आता प्रश्न निवडलेल्या मुलींचाच नव्हता. पुढे ज्या ज्या मुली त्या शाळेच्या बाकांवर बसतील, त्या साऱ्यांची वाट या एका खिंडीतून जाणार होती.

घरी मात्र उत्सव. सासूबाई अक्कांनी शिवणयंत्र पुढ्यात ओढून मुलींसाठी जाड विजारी शिवायला घेतल्या. शेजारणी नाके मुरडू लागल्या तेव्हा अक्का म्हणाल्या, "पोरींनी विजारी घातल्या तर म्हणे जग बुडेल. बुडू दे की! आमची सून पोहायला शिकवते." अंबादासराव टपाल कचेरीतून येताना दोरखंडाचे वेटोळे खांद्यावर घेऊन आले. उचगावचे हंबीरराव शेतावरचे काम टाकून लेकीला, झुंबरला, पोहोचवायला स्टेशनावर आले आणि फलाटभर ऐकू जाईल असे बोलले, "बाई, पोरगी म्हशीची शेपटी धरून पवायला शिकलीया, पाण्याला भ्यायची न्हाय. बर्फात घाला न्हायतर ढगात घाला, पर परत आणा म्हंजे झालं!"

आगगाडी सरली, मोटार सरली, देवदारांची सावली सरली. शेवटच्या गावापासून दिवसभर चढून सारी मंडळी एका ओढाळ नदीशी पोहोचली. पलीकडे खिंड, खिंडीत बर्फ. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गुडघाभर. वाटाड्या मेहरचंद तंबू आणि शिधा लादलेली खेचरे घेऊन पुढे उतरला. "मैं उधर चूल्हा जलाता हूँ, आप फौरन आइए," म्हणाला आणि पार झाला.

पण कोल्हापूरची रीत अशी, की नव्या पाण्याची ओटी भरल्यावाचून त्यात पाऊल घालायचे नाही. खण, नारळ, हिरव्या बांगड्या श्यामलाबाईंनी घरून आणल्या होत्या. आणि कोरडी ओटी कशी भरावी? नैवेद्याला शिरा हवा! त्या उंचीवर ओले लाकूड पेटता पेटेना.

"बाई, आदी पल्याड जाऊया की. तितनं भरू ओटी," झुंबर म्हणाली.

श्यामलाबाईंनी वर पाहिले. आभाळ धुतल्या काचेसारखे. "पावसाचा टिपूस नाही, झुंबर. मग नदीला कुठली घाई?"

गगनबावड्याकडे ढग दाटले की पंचगंगा फुगते, हे कोल्हापूरच्या पोराटोरांनाही ठाऊक. ढगच नाहीत तर पूर कुठला? शिरा झाला, ओटी भरली, आरती रंगली. आरती संपली तेव्हा ऊन माथ्यावर आले होते, आणि ज्या दगडावर ओटी मांडली तो दगड पाण्यात गेला. बघता बघता नदी राखेच्या रंगाची झाली. तळातले धोंडे गडगडू लागले.

"देवी लईच खूश झाली म्हणायची," झुंबर म्हणाली. "ताटासकट घिऊन गेली की!"

कोणी हसले नाही. मेहरचंद पलीकडून दोन्ही हात हलवीत होता: नका, उतरू नका. शिधा त्याच्याकडे, यांच्यापाशी पातेलेभर शिरा. उद्याही पाणी असेच राहिले तर उपाशी मुलींना घेऊन मागे फिरणे भाग होते. आणि मागे फिरणे म्हणजे काय, ते श्यामलाबाई जाणत होत्या.

देवी कोपली का? डोळे भरून आले. मग त्यांनी तेच केले, जे पूर आला की अवघे कोल्हापूर करते: काठावर जाऊन पाणी बघत बसल्या. पाण्याच्या कडेला खुणेचा दगड ठेवला. पाण्याने गिळला. दुसरा ठेवला, तोही गिळला. दुपार कलली, समोरच्या हिमकड्यावर सावली उतरली, गार वारा सुटला, आणि पाणी थबकले. हळूच एका खुणेचे ओले डोके वर आले.

श्यामलाबाईंच्या अंगावर रोमांच उभे राहिले. "अगं माझ्या आई! आमच्या नदीला मेघ पाजतो, तुझ्या या लेकीला सूर्य बर्फ वितळवून पाजतो. तू कोपली नाहीस. मीच तुझी रीत न विचारता तुझ्या दारात माझी रीत मांडून बसले!"

मेंढपाळांच्या दगडी आडोशाला शिऱ्याचा प्रसाद खाऊन मुली निजल्या. पहाटे काठावर बर्फाची पातळ साय धरली होती. खुणेचे सारे दगड उघडे. अंबादासरावांच्या दोरखंडाला दगड बांधून श्यामलाबाईंनी तो पलीकडे भिरकावला. मेहरचंदने झेलून एका थोरल्या धोंड्याला आवळला. या काठी तो कातळाला बांधला. पुढे झुंबर, मागे श्यामलाबाई, मध्ये एकमेकींच्या दंडांत दंड अडकवलेल्या मुली. धारेशी भांडायचे नाही, धारेला तिरके जायचे. हे पंचगंगेने शिकवलेलेच होते. पाणी असे गार की पाय आहेत की नाहीत कळेना. मधोमध छोटी नंदिनी घसरली आणि किंचाळली.

"दंड सोडू नगंस!" झुंबर गरजली. "रडायचं ते पल्याड जाऊन रड, आता पाय टाक!"

साखळी ताणली, तुटली नाही. नंदिनी उठली. एकेक पाऊल, एकेक नाम. आणि सगळ्या काठाला लागल्या! तिथे ओंजळभर तांदूळ आणि चिमूटभर कुंकू, एवढीच ओटी श्यामलाबाईंनी भरली. खिंडीवर पोहोचल्या तेव्हा चहूकडे पांढरे तेज, आणि त्या तेजात कोल्हापूरच्या लेकींचा घोष, "अंबाबाईच्या नावानं चांगभलं!" उतारावर तर मुली बसल्या बसल्या घसरत निघाल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ, पदर खोचून, त्यांच्या बाईसुद्धा!

कोल्हापूरच्या स्टेशनावर हंबीररावांनी हलगी कडकडवली. "आणली की वो बाई!" एवढेच म्हणाले, आणि डोळे पुसायला फेटा सोडला. गणपतरावांनी हार घातला. "बाई, मी हरलो याचा आनंद आहे. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या नातीचं नाव घ्या." त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या शाळेच्या मुली बर्फाच्या वाटेला लागल्या.

श्रोतेहो, अशी लेक ज्या घरात नांदते ते घर धन्य. श्यामलाबाईंच्या पायांतले बळ सरू नये. अंबादासरावांची साथ त्यांना जन्मभर लाभो. अक्कांना शंभर वर्षांचे हसतमुख आयुष्य मिळो. त्या उंबऱ्याच्या आत अन्न अक्षय असो, नाम अक्षय असो. आणि त्या घरातून जी जी लेक बाहेर पडेल, तिला प्रत्येक नदी वाट देवो.