थोरल्या अण्णांची सही

आज सकाळी शेजारच्या सुनंदाच्या नवऱ्याला रक्ताची उलटी झाली. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाच्या सुजेमुळे जवळची रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, "मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन फुटलेली जागा आतून बंद करतो. लगेच सही करा."

सुनंदा सही करणार, तेवढ्यात दिराने कागद ओढला. "बाईमाणसाची सही कशी चालंल? कोळवणहून आमचे थोरले भाऊ, अण्णा, येऊ द्या. अन् दुखतंय पोट, नळी मांडीत? येड्यात काढताय व्हय?"

रक्ताची तिसरी पिशवी चढत होती. मी कागद हिसकावून सुनंदापुढे ठेवला. तिने सही केली आणि तासाभरात रक्तस्राव थांबला.

दुपारी अण्णा उगवले. "मला न इचारता?" एवढंच म्हणाले. भाऊ जगला का, हे विचारलंच नाही.

तुमच्याकडेही अशा थोरल्यांची वाट पाहतात?