कमी बर्फाची वाट

आखातातल्या गुदैबियात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे वसईकर काका बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. मासेमारीच्या लाँचींना ते बर्फाच्या लाद्या पुरवत. घरी गप्पा मारतानाही त्यांचे हात काखेत असत. वर्षाची लीव्ह मात्र ते जानेवारीत घेत आणि हिमालयात चालायला जात. त्याआधी खानावळीतल्या गढवाली आचाऱ्याला कमी बर्फाच्या वाटा विचारून भंडावून सोडत. "दिवसभर ऊन कुठल्या अंगाला राहतं, तेवढंच सांग."

एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर गेलो. मला बर्फ बघायचा होता.

"बर्फ मी रोज उचलतो," काका म्हणाले. "यल्ला, उन्हातून चल."

वाट कोरडी, उबदार होती आणि मी आतून धुमसत होतो. एका वळणावर देवदारांच्या सावलीत बर्फाचा छोटासा पट्टा उरला होता. मी धावलोच. काकांनी तो आधी काठीने टोचून पाहिला, मग चिमूटभर जिभेवर ठेवला. त्यांच्या कारखान्यातला बर्फ मचूळ पाण्याचा असे.

"गोड्या पाण्याचा आहे रे," ते हळूच म्हणाले, आणि ऊन सोडून तिथेच बसले.