पाहुण्यांची बावन्न ताटं

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बुलढाण्याच्या एसटी स्टँडसमोर पुंजाजीच्या सायकलीच्या दुकानात निवृत्ती पाचव्या सायकलीला हवा भरत होता. जानेवारीची अठरा तारीख, साल अडुसष्ट. पठारावरची थंडी अशी की पंपाचा दांडा हाताला झोंबत होता. भाड्याने द्यायच्या सायकली पुसून, हवा भरून, ब्रेक बघून साडेसातच्या आत रस्त्यावर ओळीने लावायच्या आणि मग अंघोळ करून कॉलेज गाठायचं, हा त्याचा जुलैपासूनचा नेम. बी.ए.चं पहिलं वर्ष. साखरखेर्ड्याजवळच्या खेड्यातल्या भाजीवाल्या माळ्यांच्या घरातून कॉलेजात आलेला तो पहिलाच.

त्या दिवशी त्याच्या आतल्या खिशात दोनशे वीस रुपये होते. वडिलांनी, उकंडरावांनी, रविवारी हातात दिलेले. एकशे ऐंशी खानावळीच्या सहा महिन्यांचे, चाळीस विद्यापीठाच्या परीक्षेच्या फीचे. फी भरायची शेवटची तारीख शनिवार. ती चुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की गावाकडे वांगी तोडायला एक माणूस वाढला. उकंडराव तसं बोलले नव्हते. बोलायची गरजही नव्हती.

खानावळीचं खातं ही निवृत्तीच्या आयुष्यातली पहिली उधारी. तिची निवड त्याने विचार करून केली होती, निदान त्याला तसं वाटत होतं. जून संपता संपता तो गावच्याच इंद्रभानबरोबर दोन खानावळी बघून आला. इंद्रभान त्याच्याच गल्लीतला, कॉलेजात दोन वर्षं पुढे. निवृत्तीची पत्र्याची पेटी स्टँडवरून खोलीपर्यंत त्यानेच डोक्यावर आणली होती.

पहिली खानावळ अन्नपूर्णाबाईंची. बाई चुलीपुढून उठल्या नाहीत.

"बापाले घेऊन ये," त्या म्हणाल्या. "माह्यासमोर उभा राहून त्यानं सांगावं, पैसे मी देतो. मग बस जेवाले. अन् पाहुणा आणला तर त्याचे रोख."

बाहेर आल्यावर इंद्रभान हसला. "बाप कायले आणतो बे? तू काय पहिलीत नाव घालाले आला का?"

हे निवृत्तीला लागलं. वडिलांचा एक दिवस मोडायचा, एसटीचं भाडं घालायचं, आणि कशासाठी, तर एका बाईपुढे हात जोडून उभं राहायला? दुसरी खानावळ स्टँडच्या मागे हिंमतरावची. तिथे जामीन नको, आगाऊ नको. हिंमतरावने नाव विचारलं, गाव विचारलं आणि वाढप्याला हाक मारली, "याले पाट दे रे." डाळीवर तेलाची तर्री होती. निवृत्तीला वाटलं, शहरात आपल्या शब्दाला किंमत आहे.

तो रोज दोन्ही वेळा तिथे जेवला. आणि वाढलेलं ताट पुढे असताना ओळखीचं कोणी दारात दिसलं, की लहानपणापासून जे तोंडातून निघत आलं तेच निघायचं, "या, जेवाले बसा."

त्याच्या गावात हे म्हटल्याशिवाय घास उचलत नाहीत. रस्त्याने जाणाऱ्याला म्हणतात, बैलगाडीवरच्याला म्हणतात, भांडण असलेल्यालाही म्हणतात. समोरच्याने "होऊ द्या, होऊ द्या, आताच झालं" म्हणून पुढे जायचं असतं. कोणी बसत नाही. बसलं, तर घरात त्याच्याविषयी आठवडाभर बोलतात.

इंद्रभान बसायचा. ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा तो बरोबर जेवणाच्या वेळी दारात दिसायचा. एकदा-दोनदा आणखी एखाद्याला घेऊन. वाढपी निवृत्तीकडे बघून विचारायचा, "बसवू का?" निवृत्ती म्हणायचा, "बसू दे ना." जेवणाऱ्या माणसाला दुसरं काही म्हणता येतं, हेच त्याला माहीत नव्हतं. इंद्रभानचं इथे वेगळं खातं असेल असा त्याचा समज होता. विचारायचं कसं? कोणाला त्याच्या जेवणाचे पैसे कोण देतो म्हणून विचारतात का?

त्या गुरुवारी दहा वाजता तो हिंमतरावपुढे उभा राहिला आणि एकशे ऐंशी रुपये मोजून ठेवले. हिंमतरावने ते पुन्हा मोजले.

"अन् पाहुण्यांचे?"

"कोणते पाहुणे?"

"बावन्न ताटं. पाऊण रुपयाप्रमाणं एकोणचाळीस."

"मी कोणाले आणलं नाही, हिंमतराव."

"आणलं नाही, बसवलं. वाढपी दर वेळेस तुले इचारे का नाही?"

"ते तर असंच म्हणलं. म्हणाच लागते माणसाले."

"तुह्या गावात म्हणाच लागत असंन. इथं म्हणलं का ताट पडते." हिंमतराव चिडला नव्हता. त्याचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "अन् माह्यावर काऊन डोळे काढतो? तुह्या दोस्तानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, पोरगा दिलदार आहे, कोणी आलं त बसवत जा, नाही म्हणणार नाही."

निवृत्तीने विचारलं, "कोणत्या दोस्तानं?" उत्तर त्याला माहीत होतं.

"पैसे आज नसतीन त राहू दे. साखरखेर्ड्याच्या बाजारात आपला माणूस जाते. तुह्या बापाले निरोप देईन."

निवृत्तीने उरलेल्या चाळिसातले एकोणचाळीस पुढे केले. भर बाजारात, भाजीच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या उकंडरावांना तो निरोप मिळालेला त्याला बघवला नसता. खिशात एक रुपया राहिला.

दोघांच्या भाड्याच्या खोलीवर इंद्रभान आरशात बघून भांग पाडत होता.

"हिंमतरावले पहिल्या दिवशी तू काय सांगतलं?"

"काय सांगतलं? तुह्यी तारीफच केली." त्याने फणी पुसली. "तू बस म्हणला, मी बसलो. उठून गेलो असतो त तुले वाईट वाटलं असतं."

"गावात कोणी बस म्हणलं त बसतो का तू?"

"गावात?" इंद्रभानला हसू आलं. "गावात कोण बसते बे!"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो पुन्हा आरशाकडे वळला. सहा महिने निवृत्तीने ज्याच्या पानात स्वतःच्या वाट्याची चटणी घातली, घरून आलेल्या कुरडया ज्याच्यापुढे आधी ठेवल्या, त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. दारात उभं राहून तो निवृत्तीच्या तोंडून 'या, बसा' निघायची वाट बघत होता.

"अर्धे तरी दे. परवा फी भराची आहे."

"माह्याजवळ कुठून येतीन? असते त तुह्याकडं जेवलो असतो का?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "जास्त वाढवू नको, निवृत्ती. मी रविवारी गावाले जाऊन राह्यलो. तुह्या बाबाले सांगाले लावू नको, की पोरगा शहरात पंगती बसवते."

दुपारी निवृत्ती पुंजाजीकडे गेला आणि चाळीस रुपये मागितले. पुंजाजीने कारण विचारलं. निवृत्तीने सांगितलं. पुंजाजी चेनला तेल देत ऐकत होता.

"एवढा शिकून राह्यला, अन् जेवाचं कळलं नाही तुले," तो म्हणाला. "होळीपर्यंत संध्याकाळचंही दुकान सांभाळ. पाच ते नऊ. जमते?"

पाच ते नऊ म्हणजे वाचायची वेळ. खोलीत दिवा एकच, आणि नऊनंतर घरमालक तो मालवायला लावतो. "जमते," निवृत्ती म्हणाला. चारला कॉलेजच्या खिडकीवर त्याने फी भरली. खिडकीतल्या कारकुनाने पावतीवर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

हिंमतरावकडे तो पुन्हा गेला नाही. अन्नपूर्णाबाईंनी उधारी नाकारली; बाप आणलास का, एवढंच विचारलं. तो आता त्यांच्याकडे सकाळी एकदाच जेवतो, रोख देऊन. दारात कोणी आलं तर ताटातून मान वर करत नाही. तिथल्या पोरांत त्याचं नाव आखडू पडलं आहे.

खोली मात्र बदलता आली नाही. भाडं दोघांनी मिळून एप्रिलअखेरपर्यंत भरलेलं आहे आणि घरमालक परत देत नाही. दोन सतरंज्यांमध्ये आता पत्र्याची पेटी आडवी ठेवली आहे. बोलणं कामापुरतं. चौकातल्या नळाला पहाटे साडेचारला पाणी येतं आणि अर्ध्या तासात जातं. सम तारखेला निवृत्ती भरतो, विषम तारखेला इंद्रभान. उद्या एकोणीस फेब्रुवारी, पाळी इंद्रभानची.