पागेतली खिडकी

रिसोडात आमचं घर कुठे म्हणून विचारलं, तर 'पागा' म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही. जमीनदाराच्या घोड्यांची पागा आणि तिला लागून बग्गी ठेवायची कोठी, एवढंच आमचं घर. वडिलांची एस.टी.तली ड्रायव्हरकी संपत आली, तेव्हा त्यांनी ते जमीनदाराच्या नातवाकडून विकत घेतलं. पाहुणे येतात, कमानी बघून हरखतात, फोटो काढतात, किती थंडगार म्हणतात. त्यांना संध्याकाळी आपापल्या घरी जायचं असतं. मला त्या कमानींचा मनापासून वैताग आहे.

कारण हे घर घोड्यांच्या सोयीने बांधलंय आणि अजूनही त्यांच्याच सोयीचं आहे. घोड्यांचं मूत वाहून जावं म्हणून फरशी मागच्या नालीकडे उतरती. त्यामुळे प्रत्येक खाटेच्या दोन पायांखाली विटा, आणि हातातून सुटलेलं लाटणं थेट मोरीत. भिंतीतल्या गव्हाणींत आमची भांडी, मधल्या गव्हाणीत बुद्धाची मूर्ती. घोडे बांधायच्या लोखंडी कड्यांना कपडे वाळत घालायची दोरी. आणि खिडकी एकही नाही. पार छताजवळ झरोके आहेत, उजेडापुरते. रस्त्यावरचं काही दिसून जनावर बुजू नये म्हणून ते मुद्दाम उंच ठेवलेत, असं वडील मोठ्या कौतुकाने सांगतात.

आई हिंडती-फिरती होती तोवर निभलं. जरा काम आवरलं की ती बाहेरच्या ओट्यावर. मागच्या वर्षी ती त्याच उतरत्या फरशीवर घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि खाटेला लागली. मी वाशीमला नोकरी करते, शनिवारी घरी येते. दर शनिवारी तिचं एकच मागणं, मले रस्ता दिसला पायजे. टीव्ही लावून दिला, तो तिने बंद करायला लावला. तिला बाजाराला कोण चाललं, कोणाची लेक माहेरी आली, हे बघायचं होतं.

मी तिची खाट बग्गीच्या कोठीत हलवून पाहिली. कोठीचं दार बसल्या माणसासकट बग्गी आत यावी एवढं. उघडलं तर सगळंच उघडं. बकऱ्या आत, धूळ आत, आणि आईला बेडपॅन द्यायचं म्हटलं की रस्त्यावरची माणसं माना वळवणार. दोन दिवसांत तिनेच परत पागेत न्यायला सांगितलं.

मग मी मिस्त्री आणला. भिंत जाड आहे, पण वर लोखंडी गर्डर टाकला तर खिडकी पाडता येईल, असं तो म्हणाला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मी भांडले. त्यांच्या नकाराचं कारण मला ठाऊक होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माह्या बापानं या घोड्याईसाठी गवत आणलं," ते म्हणाले. "भारा दाराबाहीर टाकाचा अन् तसंच वापस जाचं. ज्या घरात त्याले पाय ठेवू देल्ला नाही, त्या घराचा एक गोटा मी हलवू देणार नाही."

आजोबांचा अपमान खरा होता, वडिलांचा अभिमानही खरा होता, आणि या दोन्हींच्या मध्ये माझी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला इतका राग आला की हुंदका फुटला. वडील जरा वरमले, पण हेका सोडला नाही. घोड्यांना इथे कधी त्रास झाला नाही, असंही म्हणाले.

आई खाटेवरून शांतपणे म्हणाली, "घोड्याईले रोज बाहीर तरी नेत होते."

वडील उठून बाहेर गेले.

पुढच्या शनिवारी आले तर भिंतीत खिडकी होती. हिरवा रंग दिलेली, गज लावलेली. वडिलांनी स्वतः उभं राहून जागा आखून दिली होती. ते खिडकीशी उभे राहून मला रस्ता दाखवत होते. मी आईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. मी तिच्या उशीशेजारी डोकं टेकवून बघितलं, तर गजांमधून नुसतं आभाळ आणि समोरच्या घराच्या टिनाच्या छपराची कड. खिडकीची खालची चौकटच उभ्या माणसाच्या छातीला लागत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

वडिलांना ते पटेना. दिसते, दिसते, म्हणत राहिले. शेवटी मी आईला खुर्चीत बसवलं आणि वडिलांना म्हटलं, तुम्हीच निजून बघा.

ते आईच्या खाटेवर आडवे झाले. आधी मान उंच केली, मग उशीवर टेकली.

"इथून तं काईच दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

आई म्हणाली, "मंग एवढ्या दिवसाची मी काय सांगून राह्यली होती?"